अकरा वर्षं कोणी सांगितलं नाही

*मनाच्या आजारांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताई जळगाव जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांत छत्तीस वर्षं परिचारिका होत्या. त्यांतली शेवटची चौदा वर्षं त्या मानसोपचार विभागात होत्या. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.*

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावचा उपसरपंच आहे. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्या दिवशी गावात एखादा कार्यक्रम घ्यावा, असं मी मासिक सभेत मांडलं. सगळे हसले. एक सदस्य म्हणाले, "आपल्या गावात येडं आहे कोण? तेवढ्या पैशात गटारीचं काम होईल." मला नीट उत्तर देता आलं नाही. अशा जागृतीने खरंच काही होतं का? होत असेल, तर कार्यक्रमात करायचं काय?

भाऊ, तुमच्या सदस्यांवर मी रागावणार नाही. माझे वडीलही हेच म्हणाले असते, आणि आमच्या तर घरातच आजार होता.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. थोरल्या भावाला आम्ही जिभाऊ म्हणायचो. १९७३ साली तो एकोणीस वर्षांचा होता, अमळनेरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्या पावसाळ्यात तो रात्र रात्र जागा राहू लागला. खळ्यावरून कोणी आपलं नाव घेऊन हाका मारतं, असं सांगायचा. मग आईच्या हातची भाकरी खाईना. म्हणायचा, पिठात काही कालवलंय. गावाचं निदान एका वाक्यात झालं : "याले बाहेरनं लागेल शे." उतारे झाले, गंडेदोरे झाले, तीन ठिकाणच्या वाऱ्या झाल्या. एक बैल विकला, पाठोपाठ आईची पाटली गेली. तिसऱ्या वर्षी त्याने शेजाऱ्यांच्या कडब्याची गंजी पेटवली. त्या दिवशी वडिलांनी त्याला गोठ्यात बांधलं.

दावं बैलाचं होतं, सुती. घोट्याचं कातडं सोलू नये म्हणून आई दाव्याखाली जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची. दोन-तीन दिवसांनी ती बदलायची, खोबरेल लावायची, त्याच्याशी हळूहळू बोलायची. काढलेली पट्टी विहिरीवर नेऊन धुणं हे माझं काम. पंधरा वर्षांची होते मी. आमच्या घरात त्याच्यावर माया नव्हती असं कोणी म्हणू नये, म्हणून हे सांगते.

१९८१ मध्ये नर्सिंगच्या शिक्षणात मला एक महिना पुण्याला, येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवलं. जाताना मी घाबरले होते. तिथे पारोळ्याकडचा एक माणूस भेटला. माझ्या बोलण्याचा हेल ऐकून म्हणाला, "बहीण, तू खान्देशनी शे का?" त्यालाही हाका ऐकू यायच्या. आता गोळ्या घेत होता, विणकाम करत होता, दिवाळीला घरी जाणार होता. मी त्याच्यासमोर उभी होते आणि मला गोठा दिसत होता.

वडिलांना पटवायला आणखी तीन वर्षं गेली. १९८४ मध्ये जिभाऊला धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या आणि महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. दीड महिन्यात तो रात्रीचा झोपायला लागला. तिसऱ्या महिन्यात वडिलांनी दावं सोडलं आणि ते खुंट्यासकट उकिरड्यावर टाकलं. कॉलेज पुन्हा झालं नाही, लग्न झालं नाही. पण पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्याने गावातल्या दुधाचा हिशेब ठेवला. घोट्याभोवतीचा पांढरा वळ शेवटपर्यंत होता.

ज्या प्रकारच्या औषधाने तो सुधारला, त्यातलं पहिलं औषध १९५२ साली फ्रान्समध्ये मनोरुग्णांना देण्यात आलं होतं. म्हणजे जिभाऊचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. आणि आमच्या घरी त्या अकरा वर्षांत कोण आलं नाही? तलाठी आले, पोलीस पाटील आले, मास्तर आले. मलेरियाचा कर्मचारी पंधरा-पंधरा दिवसांनी येऊन भिंतीवर तारीख टाकून जायचा. गोठा ओलांडूनच ओट्यावर यावं लागायचं, त्यामुळे सगळ्यांनी त्याला पाहिलं. "हा आजार आहे, याला औषध आहे, धुळ्याला मिळतं," एवढी तीन वाक्यं एकानेही सांगितली नाहीत. त्यांना तरी कोणी सांगितली होती? भाऊ, तुम्ही ज्याला जागृती म्हणता, ती माझ्या लेखी ही तीन वाक्यं आहेत.

आता सभेत सांगायला आकडा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. अठरा वर्षांवरच्या दर शंभर माणसांत दहा ते अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मनाचा आजार होता, दारूच्या व्यसनासकट. आणि आजारागणिक शंभरातले सत्तर ते ब्याण्णव लोक उपचाराविना होते. तुमच्या गावात दोन हजार मतदार असतील, तर दोनशेच्या आसपास माणसं धरा. सदस्यांच्या डोळ्यांसमोर 'येडं' म्हणून स्टँडवर फाटक्या कपड्यांत फिरणारा माणूस येतो. त्या दोनशेंमधली बहुतेक माणसं मात्र दूध घालतात, कापूस वेचतात, ग्रामसभेत बसतात. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही, एवढंच त्यांचं दिसत नाही. कदाचित त्या सभेत हसलेल्यांपैकीही कोणी असेल.

करायचं काय, तेही विचारलंत. आधी तारखेचं बघा. ऑक्टोबरात कापूस वेचणीला आलेला असतो. दिवसा मांडव घालाल, तर समोर शाळेची मुलं बसतील आणि बाकी कोणी नाही. कार्यक्रम रात्री जेवणं आटोपल्यावर ठेवा, नाहीतर सरळ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घ्या. माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात चांगला कार्यक्रम आखाजीला झाला होता, एरंडोल तालुक्यात, लिंबाला बांधलेल्या झोक्याखाली. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, सासूचा धाक नसतो, बोलायला मोकळीक असते. मी 'नैराश्य' हा शब्द उच्चारलाच नाही. तो शब्द पुस्तकातला आहे, बायांच्या तोंडी नाही. मी विचारलं, झोप येते का? घास गोड लागतो का? ज्या कामात जीव रमायचा त्यात रमतो का? उगाच रडू येतं का? आणि हे असं रोजच्या रोज दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? गाण्यांचा गलका थांबला. सगळ्या उठून गेल्या तरी एक पोर तिथेच झोक्याचा दोर हाताला गुंडाळत बसली होती. चार महिन्यांचं बाळ होतं तिचं. मला म्हणाली, "ताई, बाळ रडतं तेव्हा माझ्या मनात काहीच येत नाही. मी वाईट आई आहे का?" बाळंतपणानंतर असा आजार होतो आणि तो उपचाराने बरा होतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिच्या आईलाही तेव्हाच कळलं, ती पाठीमागे उभी होती.

बोलायला कोणाला उभं करायचं, याचा विचार करा. पाहुणा डॉक्टर जरूर बोलवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला ग्रामपंचायतीचं पत्र द्या, पथक पाठवा म्हणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने लोकांना ही माहिती देणं सरकारवर बंधनकारक केलं आहे, तेव्हा पत्रात विनवणी नको, मागणी लिहा. पण डॉक्टरांनंतर पाच मिनिटं अशा माणसाला द्या, ज्याने स्वतः हा आजार भोगला आणि जो आता वावरात कामाला जातो. तो राजी असेल तरच हं, भरीला घालू नका. दहा भाषणांनी जे होत नाही ते अशा एका माणसाला समोर बघून होतं. जिभाऊ हयात होता तोवर मी त्याला न्यायची. फार बोलायचा नाही. "मी बांधेल होतो, आते हिशेब लिखस," एवढंच म्हणायचा आणि खाली बसायचा.

आणि गटारीच्या पैशाला हात लावू नका. एक डबा रंग पुरे. रेशन दुकानाच्या नाहीतर दूध डेअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात दोन गोष्टी रंगवा. पहिली : जवळच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी, कोणत्या खोलीत बसतात. दुसरी : १४४१६. ही टेलिमानस, मनाच्या त्रासावर सल्ला देणारी सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. वार आणि खोली लिहायला विसरू नका. "तज्ज्ञांचा सल्ला घ्या" असं वाचून आजवर कोणी एसटीत बसलेलं मी पाहिलं नाही. "मंगळवारी, नऊ नंबरच्या खोलीत" असं सांगितलं की माणूस येतो.

खोलीवरून आठवलं. आमच्या एका ग्रामीण रुग्णालयात 'मानसोपचार विभाग' असा फलक लावला, तर बाकावर कोणी बसेना. कोणी पाहील म्हणून लोक लांब चिंचेखाली उभे राहायचे. आम्ही बसायची जागा बदलली, बीपी-शुगरच्या रांगेशेजारी टेबल टाकलं. त्या महिन्यापासून बाक भरायला लागला. लाज गेली नव्हती, पण लाजेला आडोसा मिळाला होता. सुरुवातीला तेवढं करावं लागतं.

ताई, आम्ही रावेर तालुक्यातले, केळी उत्पादक. मुलगा एकवीस वर्षांचा. पुण्याला शिकायला होता, चार महिन्यांपूर्वी परत आला. खोलीबाहेर येत नाही, अंघोळ करत नाही, एकटाच बोलतो. ताटातलं आधी मांजरीला घालून बघतो. मोठे दीर म्हणतात एका स्थानावर न्या. ह्यांचं म्हणणं, लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल, मुलगीही बघून ठेवली आहे. मला रात्रभर झोप नाही.

वहिनी, मांजरीचं वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. जिभाऊ कुत्र्याला घालायचा.

लग्न थांबवा. आजच. लग्न हे औषध नाही. आजारी माणसाला एकदम नवं नातं, नवी जबाबदारी झेपत नाही, आजार उसळतो. आणि ज्या घरातून ती पोर येणार आहे, त्यांना काही ठाऊक नसणार. मुलगा उपचार घेऊन स्थिर झाला, तर पुढे लग्नाचा विचार जरूर होऊ शकतो, सगळं खरं सांगून. उपचार घेऊन उत्तम संसार करणारी जोडपी मी पाहिली आहेत. पण क्रम हा, आधी डॉक्टर.

चार महिने म्हणजे फार उशीर झालेला नाही, हे मनात पक्कं धरा. असे आजार बहुतेकदा पंधरा ते पंचवीस या वयातच डोकं वर काढतात. उपचार जितक्या लवकर सुरू होतात, तितका माणूस अधिक सावरतो. तुम्ही त्याला पुण्याला पाठवलं म्हणून हे झालेलं नाही, तुमच्या वाढवण्यात काही चुकलं म्हणूनही नाही.

त्याला दवाखान्यात कसं न्यायचं, हा तुमचा खरा प्रश्न असणार. "तुझं डोकं बिघडलंय" असं म्हणू नका. विषाबद्दल वादही घालू नका, त्याला ते खरंच वाटतं. "तुला भीती वाटते, मला दिसतं, मी आहे" एवढं म्हणा. झोप नाही ही तक्रार बहुतेक मुलं कबूल करतात. "झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू" म्हणून न्या. जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण तपासणी असते. तो येतच नसेल, तर पहिल्या वेळी तुम्ही दोघं एकटे जा आणि डॉक्टरांना सगळं सांगा. किंवा आज रात्रीच १४४१६ ला फोन करा, त्याच्यासाठीही आणि स्वतःच्या झोपेसाठीही.

दिरांशी भांडण नको. त्यांची श्रद्धा असेल तर देवदर्शन करून या. दोन गोष्टींवर मात्र अडून बसा : गोळी चुकणार नाही, आणि तिथे कोणी त्याला मारणार, उपाशी ठेवणार, बांधणार असेल तर त्याच पावली परत फिरायचं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका ठिकाणी छपराला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. अठ्ठावीस गेली. मनाच्या आजाराच्या माणसाला साखळीने बांधायला आता कायद्यानेच बंदी आहे.

भाऊसाहेबांना माझा एक निरोप द्या. केळीवर करपा आला, तर ते पान बघून औषध आणतात, बागेचं लग्न लावत नाहीत. त्यांना माझा राग आला तरी चालेल, त्यांनी पोराला घेऊन जळगावला जावं.

मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते का? मी दोन वर्षं मेडिकलवरून झोपेची गोळी आणून घेतो. — एक वाचक, भुसावळ

दादा, तुम्ही भलत्याच गोळीला घाबरता आहात. उदासीवरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी सोडून देतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर घ्यायच्या आणि त्यांच्याच सांगण्याने हळूहळू कमी करायच्या. सवय लागते ती चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या आणि धडधडीच्या काही गोळ्यांची, आणि ती तुम्हांला लागली असण्याचा संभव आहे. त्या एकदम बंद करू नका, त्रास होतो, काहींना झटकेही येतात. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

ताई, मी धडगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. इथे कोणाचंही मन बिघडलं की आधी भगताकडे नेतात. आमच्याकडे जे पोस्टर येतात ते मराठीत, आणि लोक बोलतात पावरी आणि भिली. गेल्या महिन्यात एका बाईचा मुलगा वेड्यासारखा करायला लागला, तर भगताने शेजारच्या विधवा म्हातारीचं नाव घेतलं, ती डाकीण आहे म्हणून. लोक तिच्या घरी कुजबुजत जातात. मला भीती वाटते.

ताई, म्हातारीचं आधी. हे एकटीने अंगावर घेऊ नका. आजच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना सांगा, आणि सांगितल्याचं लेखी ठेवा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कोणाला डाकीण ठरवून छळणं हा गुन्हा आहे. काही विपरीत घडेपर्यंत वाट पाहायची नाही. धोका वाटला तर ११२ ला फोन करा. तुमचं नाव पुढे येऊ नये अशी विनंती अधिकाऱ्यांना स्पष्ट करा, तुम्हांला त्याच पाड्यांवर रोज चालत जायचं आहे.

एका घरातल्या पोराच्या आजाराला नाव मिळालं नाही, म्हणून ते नाव एका म्हातारीच्या कपाळी मारलं गेलं. मनाच्या आजाराची माहिती ज्याला त्याला का असावी, याचं याहून मोठं कारण मला ठाऊक नाही. आजारी माणूस तर भोगतोच, आणि अज्ञानाची किंमत शेजारीण मोजते, जिचा काडीचा संबंध नाही. त्या मुलाला दवाखान्यात नेऊन औषध सुरू होणं, हे म्हातारीसाठीही सगळ्यात मोठं संरक्षण आहे. तो झोपायला लागला, शांत झाला, की कुजबुज आपोआप विरते.

सगळे भगत सारखे नसतात. तुमच्या भागात ज्याने कोणाचं नाव घेतलेलं नाही, मारझोड केली नाही, अशा एखाद्या भगताकडे जाऊन बसा. मान देऊन सांगा, तुमचं तुम्ही करा, पण तीन रात्री झोप नसेल, अंगावर धावून जात असेल, खाणं बंद असेल, तर माझ्याकडेही पाठवा. आमच्या पथकाने सातपुड्याच्या पायथ्याला एका भगतबाबांशी असंच बोलणं केलं होतं. वर्षभरात त्यांनी सात माणसं पाठवली. आठव्या वेळी स्वतःच्या सुनेला घेऊन आले.

पोस्टर सोडा. आशा म्हणून तुमच्याकडे जी गोष्ट आहे ती कोणत्याही छापखान्यात नाही, तुम्ही त्यांच्या बोलीत बोलता. जीव घाबरणं, मन न लागणं, कानात आवाज येणं यांना पावरीत, भिलीत काय म्हणतात ते शब्द वहीत लिहून ठेवा. आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर आले की ती वही त्यांच्या हातात द्या. नाहीतर ते मराठीत विचारणार, "उदास वाटतं का?" आणि समोरचा माणूस न कळून मान हलवणार.

माझा मेहुणा पाचोरा तालुक्यात शेती करतो. यंदा कापूस गेला, सोसायटीचं कर्ज आहे. हल्ली गप्प असतो. परवा म्हणाला, "आता बस झालं." बहीण घाबरली आहे. विचारावं तर नसलेला विचार डोक्यात घालू असं वाटतं.

दादा, विचारा. आज संध्याकाळीच जा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर तो बोलून दाखवायला वाट मिळते. ओट्यावर चारचौघांत नको, बांधावर दोघंच बसा आणि सरळ शब्दांत विचारा, "जीव नकोसा झालाय का? मरावं असं मनात येतं का?" मग गप्प बसा. "असं कसं म्हणतो, पोरांचा विचार कर" हे लगेच नको. तो पोरांचाच विचार करून थकलेला असतो.

हो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका. बहिणीच्या घरातलं फवारणीचं औषध आजच हलवा, तुमच्या घरी कुलपात ठेवा. हे मी आवर्जून सांगते. असा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी काही नसेल, तर माणूस वाचतो आणि पुढे जगतो. आमच्या वॉर्डात वाचून आलेल्यांशी मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायची, तेव्हा "ताई, वाचलो ते बरं झालं" हे वाक्य मी कितीदा ऐकलं, मोजदाद नाही. उद्या त्याला घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. रात्री काही वाटलं तर १४४१६, आणि प्रसंग हातघाईवर आला तर १०८.

गावात एक भीती असते की दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल. म्हणून लोक घरीच मीठ-पाणी पाजत बसतात आणि वेळ जातो. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंडविधानातलं, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलमही राहिलेलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत आणि त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. कर्ज खरं असतं, ते मी नाकारत नाही. सोसायटीकडे जाऊन कर्जाचं पुनर्गठन होतं का तेही बघा, मेहुण्याबरोबर तुम्ही स्वतः जा. पण तितकंच कर्ज असलेला शेजारी तगून राहतो आणि हा राहू शकत नाही, तेव्हा कर्जाशेजारी आजारही बसलेला असतो, आणि त्या आजारावर आपल्या हातात इलाज आहे.

मी नववीत आहे. माझ्या पप्पांना मनाचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, ते आता चांगले आहेत. रात्री नऊची गोळी मीच त्यांना देते. वर्गातल्या मुली मला "येड्याची पोर" म्हणतात. मी काय उत्तर देऊ? — धुळे

बेटा, मला "बांधेलची बहीण" म्हणायचे. मी पाण्याला जाताना मागच्या गल्लीने जायची, जास्त लांब पडायचं तरी. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते : तुझ्या पप्पांना आजार आहे, जसा कोणाच्या पप्पांना दमा असतो, कोणाच्या आजीला शुगर असते. गोळी घेतात, बरे आहेत. मुलींना हवं तर एवढंच सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. घरातली गोष्ट कोणाला सांगायची ते तू ठरव.

पण वर्गात हे बंद झालं पाहिजे आणि ते काम तुझं नाही, बाईंचं आहे. हा अंक वर्गशिक्षिकेला दाखव. त्यांनी तुझं नाव न घेता सगळ्या वर्गाला मनाच्या आजाराबद्दल एक तास शिकवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. मनाच्या आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षाच्या आतच सुरू होतात, तेव्हा नववीचा वर्ग यासाठी अजिबात लहान नाही. त्यांना काय सांगावं कळत नसेल, तर या मासिकाच्या पत्त्यावर लिहावं. धुळे फार लांब नाही, मी येईन.

आणि नऊच्या गोळीचं. तुझ्याकडून ते मायेने होतं, मला कळतं. पण ते तुझं एकटीचं काम नको. आईशी वार वाटून घे, पप्पांनाही मोबाइलमध्ये गजर लावून दे. परीक्षेच्या दिवसांत तर तू मुळीच लक्ष घालू नकोस, अभ्यास करून वेळेवर झोप.